शनिवारी रग्बी, रोज फ्रेंच, घरात मराठी: परदेशी बाबा असलेल्या घराचं वेळापत्रक

आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं पावसाळ्यात होतात. मुंबईत रग्बीचा सीझन पावसाळ्याचा. एरवी इथली मैदानं इतकी टणक असतात की त्यांवर कुणाला आडवं पाडायचं म्हणजे हाडवैद्याकडेच पाठवायचं. माती मऊ झाली की खेळ रंगतो. आणि नेमकी जूनमध्येच शाळा सुरू होते. माझा नवरा तुलूजजवळच्या गावातला. फ्रान्सच्या त्या नैऋत्य भागात रग्बी अंगात मुरलेली, आपल्याकडे कोल्हापुरात कुस्ती असते तशी. नोकरीने त्याला ऐरोलीला आणलं, लग्नाने ठाण्यात नौपाड्याला आणि रग्बीने दर शनिवारी दक्षिण मुंबईला.

लेक आता सहा वर्षांची आहे. माझ्याशी आणि आजीशी मराठी बोलते, त्याच्याशी फ्रेंच. हे आपोआप झालेलं नाही. चौथ्या वर्षी ती फ्रेंच समजायची सगळं, पण उत्तर मराठीत नाहीतर इंग्रजीत द्यायची. त्याला वाटलं, पोरगी हट्टी आहे. माझ्या आईला वाटलं, पोरीच्या डोक्यावर ओझं होतंय. खरं कारण होतं की जूनपासून पापा घरी सापडतच नव्हता.

ओळखीतल्या दोन घरांत सध्या हाच गुंता आहे, म्हणून आम्ही काय केलं ते क्रमाने लिहिते. बाबाची भाषा फ्रेंचऐवजी पोर्तुगीज असो की जपानी, रीत तीच. माझं मत आधीच सांगून टाकते: वेळेचे दोन वाटे करून एक खेळाला आणि एक मुलाला द्यायला गेलात तर दोघांनाही पुरत नाही. खेळातला जेवढा भाग मुलाला सोबत घेऊन, बाबाच्या भाषेत होऊ शकतो तेवढा तसा करायचा. उरलेल्यातला निम्मा सरळ कापायचा.

पहिली पायरी: फ्रीजवर हिशेब

दोन आठवडे एका कागदावर लिहा: मुलाशी कोण, कुठल्या भाषेत, किती वेळ बोललं. समोरासमोरचंच बोलणं धरा. कार्टून धरू नका, बाजूच्या खोलीतून मारलेल्या हाका धरू नका. अंदाजाने तर अजिबात लिहू नका, कारण अंदाज करताना प्रत्येक बाप उदार होतो.

आमचा हिशेब असा निघाला. सकाळी शाळेच्या बसआधी पाऊण तास आणि रात्री झोपण्याआधी एक तास, म्हणजे पाच दिवसांचे पावणेनऊ तास. शनिवार-रविवारचे कागदावर १६. एकूण पावणेपंचवीस. सीझनमध्ये मंगळवार-गुरुवारच्या सरावाने रात्रीचे दोन तास गेले. शनिवारी तो एक वाजता निघून नऊला परतायचा, कारण सामन्यानंतर फ्रेंच लोक ज्याला ‘तिसरा हाफ’ म्हणतात तो असतो, आणि तो पहिल्या दोन हाफांपेक्षा लांबतो. रविवारी गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून झोप. शनिवार-रविवारच्या १६ तासांतले हाती लागले पाच. एकूण पावणेबारा. म्हणजे पावसाळ्यात लेकीची फ्रेंच निम्म्याहून कमी व्हायची आणि दिवाळीपर्यंत तिची जीभ परत मराठी-इंग्रजीकडे वळलेली असायची.

हा कागद बघून तो बराच वेळ काही बोलला नाही. भांडणापेक्षा कागद बरा.

दुसरी पायरी: कोण कुठली भाषा बोलणार

एक माणूस, एक भाषा, ही जुनी रीत आहे. झ्यूल रोंझा नावाच्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने आपल्या मुलावर ती वापरली. बाप फ्रेंच बोलायचा, आई जर्मन, आणि त्या निरीक्षणांवरचं त्याचं पुस्तक १९१३ मध्ये आलं. ती रीत आजही चालते, पण आपल्याकडे एक पाचर बसते. नवरा-बायको आपसात इंग्रजी बोलतात. शाळा इंग्रजी, सोसायटीतली पोरं हिंदी-इंग्रजी. मुलाला दोन आठवड्यांत कळतं की इंग्रजी बोललं तर सगळ्यांशी भागतं. मग ते बाकीच्या दोन भाषा कशाला ओढेल? फ्रेंचचं आणि मराठीचं एकमेकींशी काही वैर नाही. दोघींच्या ताटातलं खाते ती इंग्रजी.

म्हणून आम्ही जेवणाच्या टेबलावरून इंग्रजी उठवली. तो फ्रेंच बोलतो, मी मराठी, आणि दोघांना दोन्ही कळतं. हे जमायला मला दीड वर्ष फ्रेंच शिकावी लागली आणि त्याला मराठी. त्याचं मराठी भाजी मंडईपुरतं उत्तम आहे. वाद घालताना मात्र सगळी क्रियापदं नपुंसकलिंगी होतात. पैशांची, ऑफिसची, डोकं फिरवणारी बोलणी पोरगी झोपल्यावर इंग्रजीत. तुमच्या घरी हे शंभर टक्के पाळलं जाणार नाही, आमच्याकडेही नाही. दिवसातून एक जेवण पाळलंत तरी फरक दिसतो.

आजी-आजोबांना यात आधीपासून घ्या. आमच्या आईला भीती होती की दोन भाषांमुळे पोर उशिरा बोलेल. दोन भाषांमुळे बोलणं खुंटत नाही. फक्त शब्द मोजताना दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे असतात. ‘मला आँकोर पोहे’ म्हणजे ‘अजून पोहे’, हा गोंधळ नव्हे, हाताशी आलेला शब्द आहे. मात्र मूल कुठल्याच भाषेत बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, तर भाषेला दोष देत बसू नका, कान तपासून घ्या.

आणखी एक लढाई झाली ‘पापा’वरून. फ्रेंचमध्ये बापाला पापाच म्हणतात. आईला वाटलं, हिंदी मालिकांचा परिणाम. ती रोज शिकवायची, ‘बाबा म्हण गं.’ शेवटी मी सांगितलं की हा शब्द तुलूजहून आलाय, तेव्हा कुठे सुटका झाली.

तिसरी पायरी: क्लबशी सौदा, आणि तो मे महिन्यातच

सीझन सुरू झाल्यावर कर्णधाराला ‘मुलगी आहे हो घरी’ म्हणून उपयोग नसतो. मेमध्ये, संघ जमण्याआधी सांगायचं. आमचा सौदा असा: आठवड्यात दोनऐवजी एक सराव, मंगळवारचा. गुरुवारचा व्यायाम ठाण्यातच, उपवन तलावाभोवती पहाटे धावून. एक शनिवार पूर्ण सामना, दुसऱ्या शनिवारी लेकीला घेऊन जायचं आणि फक्त एक हाफ खेळायचा. तिसरा हाफ महिन्यातून एकदा. गणपतीचे दीड दिवस आणि दहीहंडी सुट्टी, यावर चर्चा नाही. दहीहंडीला तर त्याला आवर्जून थांबवायचं. खांद्यावर माणूस पेलायचा म्हणजे काय, हे गोविंदांना जेवढं कळतं तेवढंच लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेरून फेकलेला चेंडू पकडायला, गडी हवेत उचलणाऱ्यांना. खाली उभं राहून तो दर थराला लेकीला फ्रेंचमध्ये पाय कुठे रोवलेत ते दाखवतो.

कमी सराव म्हणजे पहिल्या संघातली जागा जाणार. ती गेलीच. हौशी खेळात हे पचवता आलं पाहिजे, आणि बायकोने त्यावर ‘बरं झालं’ म्हणू नये. मी म्हटलं होतं. महाग पडलं.

वय पस्तिशीच्या पुढे असेल तर टच रग्बीचा विचार करा. त्यात पाडापाडी नाही, नुसता हात लावायचा. दमछाक तेवढीच होते आणि सोमवारी जिना चढता येतो.

चौथी पायरी: प्रवासाचा तास, हाच शाळेचा तास

आमच्या घरची फ्रेंच खरं तर लोकलमध्ये वाचली.

ज्या शनिवारी लेक सोबत जाते त्या दिवशी ठाण्याहूनच सुटणारी स्लो लोकल पकडायची. फास्ट मुद्दाम सोडायची. ठाणे ते सीएसएमटी साधारण तासभर, मुलुंडपासून धरली तर १८ स्टेशनं. खेळ असा की प्रत्येक स्टेशनावर दिसलेल्या एका गोष्टीबद्दल तिने एक वाक्य फ्रेंचमध्ये सांगायचं, आणि पुढच्या स्टेशनापर्यंत त्याने त्यावर प्रश्न विचारायचे. भांडुपला भाजीची टोपली चढली, विक्रोळीला एक काकू उभ्याने लसूण सोलत होत्या, कुर्ल्याला कुणाची चप्पल खाली पडली. कुर्ल्याच्या चपलेवर दोघं सायनपर्यंत बोलले: आता तो माणूस एका चपलेने घरी जाणार, की दुसरीही टाकून देणार? एवढं बोलणं घरी सोफ्यावर बसून होत नाही. घरी फोन असतो, बेल वाजते, आजी लाडू घेऊन येते. डब्यात दोघं अडकलेले असतात. १८५३ मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी याच वाटेने, बोरीबंदरहून ठाण्याला आली, हेही लेकीला बापाकडून फ्रेंचमध्ये कळलं, मग तिने ते मला मराठीत शिकवलं.

परतीच्या गाडीत गोष्ट. तिची आवडती गोष्ट कलकत्त्याची आहे. तिथला रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा बँकेतले चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांचा चषक केला. त्याला नागाच्या आकाराच्या तीन मुठी, झाकणावर हत्ती. त्या कलकत्ता चषकासाठी आजही इंग्लंड आणि स्कॉटलंड खेळतात. लेकीचा प्रश्न दर वेळी एकच: ‘रुपये वितळवले तर मग खाऊ कशाचा घेतला?’

आकडे मैदानावर शिकवा. ट्रायचे (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला की) ५, त्यानंतरच्या किकचे २, पेनल्टीचे ३. पहिलीतल्या मुलाला बेरजेला एवढं पुरे. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणताना ‘चार वीस’ म्हणतात, आणि लेक तिथे अडायची. सामना ८० मिनिटांचा, त्यामुळे हा आकडा टाळताही येईना. तिढा सोडवला आईच्या मावशीने. ती म्हणाली, ‘त्यात काय, आम्ही पण चार विसा म्हणायचो.’ त्या दिवसापासून फ्रेंच लोक लेकीला मावशीआजीच्या गावचे वाटतात.

शब्दांच्या गमतीही सोडू नका. ‘आले’ म्हणजे फ्रेंचमध्ये ‘चला, जोर लावा’. स्क्रमला, म्हणजे दोन संघांच्या रेटारेटीला, ते ‘मेले’ म्हणतात. एकदा आई सामना बघायला आली होती. जावई ओरडतोय ‘आले, आले’, ही मागे वळून बघतेय कोण आलं. मग नात टाळ्या वाजवत किंचाळली, ‘आजी, मेले!’ आणि आठ-आठ माणसं एकमेकांवर डोकी लावून चिखलात. आईने पदर तोंडाला लावला. हा किस्सा आता लेक दोन्ही भाषांत सांगते, आणि तो सांगायला दोन्ही भाषा याव्याच लागतात.

रविवारी सराव ठेवलात तर शनिवारी संध्याकाळीच मेगाब्लॉक बघून ठेवा. मुलाला घेऊन माटुंग्याला अडकलेला बाप कुठल्याच भाषेत नीट बोलत नाही.

सामान: मुलासाठी जास्तीचे दोन कपडे, रेनकोट (छत्री नको, वाऱ्यात उलटते), कोरडा खाऊ, प्लास्टिकची चटई, आणि कुणीतरी ठरलेलं माणूस जे बाप मैदानात असताना पोराकडे बघेल. ‘सगळे आहेतच की’ म्हणजे कुणीच नाही. वीज कडाडायला लागली तर मैदान सोडायचं, मोठ्यांनी सुद्धा.

घरी आल्यावर जर्सी धुणं हे बाप-लेकीचं काम. बादलीत जर्सी, वर तिचे पाय. पहिलं पाणी चहासारखं, दुसरं ताकासारखं; तिसरं नितळ आलं की ती जाहीर करते, ‘से प्रॉप्र’, स्वच्छ झालं. बाही, कॉलर, शिवण, डाग, पिळ, झटक, वाळत घाल. हे शब्द पुस्तकातून आले नसते. मला एक काम कमी.

आणि खरचटलेलं लगेच साबण-पाण्याने धुवा. उघड्या जखमेने साचलेल्या पाण्यात उतरलं की लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, अशा पाण्यातून होणारा ताप) भीती असते. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते बघा. पाण्यात उतरून आल्यावर गोळी हवी का, हे डॉक्टरांना विचारा. अंगात ताप भरला तर ‘व्हायरल असेल’ म्हणून बसू नका.

पाचवी पायरी: डोक्याला लागलं तर

दोन वर्षांपूर्वी तो एका शनिवारी वेळेत घरी आला. खूश दिसला, जेवला, लेकीला गोष्ट वाचायला बसला. मी ओट्यापाशी होते. तिचा आवाज आला, फ्रेंचमध्ये: ‘पापा, हे पान झालं.’ थोड्या वेळाने परत: ‘पापा, हेच पान.’ तिसऱ्यांदा ती पुस्तक घेऊन माझ्याकडे आली आणि मराठीत म्हणाली, ‘पापाला वाचता येत नाहीये.’ मग कळलं की टॅकलमध्ये समोरच्याचा गुडघा कानशिलावर बसला होता, आणि हा उठून पुढची २० मिनिटं खेळला होता. कुणाला सांगितलं नव्हतं. रात्री आम्ही त्याला तपासायला नेलं.

म्हणून हा नियम लिहून ठेवा. डोक्याला मार बसून गरगरलं, विसरायला झालं, दिसायला धूसर झालं, की त्या दिवशीचा खेळ संपला. पाच मिनिटं बसून परत उतरणं नाही. जागतिक रग्बी संघटनेच्या मार्गदर्शनात हौशी खेळाडूने त्यानंतर किमान २१ दिवस सामना खेळायचा नसतो, आणि परतायचं तेही टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी असेल तर थेट रुग्णालय. बापाने घरी आल्याआल्या कुठे लागलं ते खरं सांगायचं. लपवलं तर पुढचा सामना रद्द, हा आमच्या घरचा कायदा. विम्याचे कागदही एकदा बघा, खेळातली दुखापत त्यात बसते का.

ते २१ दिवस मोठा पडदा आणि गोंगाट नको म्हणून तो संध्याकाळी गॅलरीत बसायचा आणि लेक त्याला गोष्टी सांगायची. पुस्तक तिच्या हातात, चित्रं बघून ती स्वतःच रचायची. त्या तीन आठवड्यांत तिची फ्रेंच जेवढी सुटली तेवढी आधीच्या वर्षात नव्हती सुटली. यासाठी डोकं आपटून घेऊ नका, नुसतं पुस्तक पोराच्या हातात द्या.

सहावी पायरी: मूल चुकीच्या भाषेत उत्तर देतं तेव्हा

रागवायचं नाही. ‘कळलं नाही’ असं खोटं म्हणायचं नाही. पापाला मराठी कळतं हे तिला माहीत असतं, त्याने रिक्षावाल्याशी घासाघीस केलेली तिने ऐकलेली असते. तिने मराठीत ‘पाणी पाहिजे’ म्हटलं की त्याने फ्रेंचमध्ये ‘पाणी हवंय? गार की साधं?’ विचारायचं. उत्तर एका शब्दात देता येईल असा प्रश्न. एका शब्दाचं उत्तर फ्रेंचमध्ये येतं, दोन महिन्यांनी वाक्य येतं. पाहुण्यांसमोर ‘बोलून दाखव ना फ्रेंच’ म्हणायचं नाही. आमच्याकडे हा गुन्हा आजोबा करतात, आणि लेक मग रात्रीपर्यंत मुकी असते.

सातवी: मामी, पुस्तकं, लिपी

फ्रेंचमध्ये आजीला ‘मामी’ म्हणतात. माझ्या भावाची बायको पण मामीच. त्यामुळे आमच्याकडे एक ‘डोंबिवलीची मामी’ आणि एक ‘तुलूजची मामी’ आहे. तुलूजच्या मामीचा व्हिडिओ कॉल रविवारी रात्री आठला: उन्हाळ्यात आपण त्यांच्यापेक्षा साडेतीन तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेचार. नुसतं ‘कशी आहेस, बरी आहे’ यात कॉल संपतो. म्हणून तिला काहीतरी काम द्या. आमची लेक शनिवारच्या सामन्याचा वृत्तान्त देते, कोण पडलं, कुणी ट्राय केला. मामीला रग्बी लेकापेक्षा जास्त कळते, ती उलट प्रश्न विचारते.

वाचन-लेखन आधी देवनागरी. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवावी लागते, पण इंग्रजी शाळेतल्या तेवढ्या तासांवर विसंबू नका. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे. महिन्यातून एकदा न्या, पोराला स्वतःला निवडू द्या. रोमन अक्षरं शाळेत येतातच, फ्रेंच वाचन त्यांच्या आधाराने सातव्या वर्षी सुरू केलं तरी चालतं. फ्रेंच पुस्तकं सुट्टीतल्या बॅगेतून येतात, जर्सींच्या जागी.

आठवी: तिला खेळायचं असेल तर

चेंडू तीन नंबरचा, छोटा. मोठ्यांचा पाच नंबरचा तिच्या हातात मावत नाही, आणि मावला नाही की आवड जाते. कमरेला पट्ट्या लावून त्या ओढायचा टॅग रग्बीचा खेळ या वयाला पुरे. शिकवणारा दादा हिंदी बोलतो. बोलू दे. सगळ्याच तासांची भाषा राखायला गेलं तर पोरगी खेळणार कधी?

आमच्या लेकीला सध्या कबड्डी जास्त आवडते. बापाला हे लागलंय, पण तो ते फ्रेंचमध्ये गिळतो.

सप्टेंबर संपला की फ्रीजवरचा कागद परत भरा, तेच दोन आठवडे, तसाच. गेल्या सीझनमध्ये आमचे फ्रेंचचे तास साडेअठरा भरले. साडेसहा लोकलने आणि मैदानाने दिले, सव्वा जर्सीच्या बादलीने. मंगळवारचा सराव अजून सलतो मला. यंदा मेमध्ये त्यावर बोलणार आहे.